सबनीसकाकांची ताटली

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या भांडवलावर एका माणसाविषयी लिहायला बसलोय, हा आगाऊपणा आहे. मोठ्यांनी माफ करावं. पण सबनीसकाका कपावर नखाने ओरखडा काढून पाहिल्याशिवाय चहा पीत नसत, हे कुणीतरी लिहायलाच हवं.

शारजात, रोल्ला भागात ते आमचे शेजारी. कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत ड्राफ्ट्समन, एकटे राहणारे. हॉटेलात प्लेट आली की आधी नख. वेटर घाबरून प्लेट बदलून आणी, काका तीही ओरबाडून बघत. "वरचं खलास, आतलं खरं," हे त्यांचं वाक्य. घरमालकाने भिंतीला दिलेल्या रंगालाही ते लागू होई.

हे वेड एका ताटलीने लावलं. मायदेशी परत निघालेल्या एका इटालियन इंजिनिअरकडून काकांनी ती घेतली होती. चार-पाचशे वर्षांची आहे, असं तो म्हणाला होता. लाल मातीची ताटली, तिच्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप. तो लेप टोकदार काडीने खरवडून कुणीतरी एका मुलीचा चेहरा काढलेला. रेघेरेघेतून खालची लाल माती दिसायची. वरून मधाच्या रंगाची झिलई, मध्येच हिरवी ओघळलेली.

"रंगवलेलं चित्र वर बसतं रे, हे आतून वर आलंय," काका म्हणत. "आणि हा हिरवा बघ, रेघेबाहेर पळालाय. कारागिराने पळू दिलाय. आमच्या ऑफिसात असं ड्रॉइंग दिलं तर यल्ला, चल घरी."

मला आधी ती नीट न घासलेली ताटली वाटे. हळूहळू मलाही वाटू लागलं, की ही मुलगी आता मान वळवून काहीतरी विचारणार.

आईशी मात्र काकांचं वाजायचं. आमच्या प्रत्येक स्टीलच्या भांड्यावर नाव घातलेलं. काका विचारत, चोर काय नाव वाचून वाटी परत आणून देणार आहे? आई म्हणे, निदान वाटी कुणाची ते तरी कळतं. तुमच्या ताटलीचं काय?

काकांची बायको लवकर गेली. मुलगी मेधा साताऱ्याला मामाकडे वाढली. काकांनी पाठवलेल्या वस्तू ती न उघडताच मामेबहिणींना वाटून टाकी. फोनवर येत नसे. तिच्या लग्नाची पत्रिका मामांनी पाठवली. मेधा स्वतः 'या' म्हणाली नाही, म्हणून काका गेले नाहीत. आई गावी निघाली होती. काकांनी ताटली दोन चादरींत गुंडाळून तिच्या हाती दिली. "तिला म्हणावं, हीसुद्धा देऊन टाकायची असेल तर टाक," एवढंच म्हणाले.

त्यानंतर काका रोज संध्याकाळी आमच्या फोनपाशी येऊन बसत. चहा बिनओरखड्याचाच पीत.

शेवटी आईचा फोन आला. मेधाने ताटली कुणालाच दिली नव्हती. पण बाकीच्या आहेराबरोबर ती भांडीवाल्याकडे नेली, आणि तो फुटेल फुटेल म्हणत असताना तिच्यावर मशीनने नाव घालून घेतलं.

मी फोन हातात धरूनच ते चाचरत सांगितलं. काकांनी डोळे मिटले.

"खलास," ते म्हणाले. मग डोळे उघडून, "काय घातलंय?"

"'मेधास, बाबांकडून.'"

काकांचं नख टेबलावर फिरत राहिलं.

"आईला विचार," ते म्हणाले, "अक्षरांतून खालची लाल माती दिसतेय का."

मी विचारलं. आई म्हणाली, दिसतेय.