पाच नंबरचा पाय

सुपडूआप्पा समोरच्या माणसाचं तोंड आधी बघत नाहीत, पाय बघतात. तुम्ही त्यांच्या ओट्यापाशी जाऊन उभे राहिलात की त्यांची नजर तुमच्या चपलेवर उतरते, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सावकाश फिरते आणि मग कुठे वर येते. बारा वर्षांपूर्वी मी सांगलीकडून बदली होऊन म्हसावदच्या शाळेत आले, तेव्हा शेजारी म्हणून ओळख करून घ्यायला गेले होते. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, कोणत्या वर्गाला शिकवते तेही सांगितलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमना पाय पाचना शे. चप्पल सहानी घाली ऱ्हायनात."

माझी चप्पल एक नंबर मोठी आहे हे माझ्या नवऱ्याच्याही कधी लक्षात आलं नव्हतं. मला असला राग आला म्हणता. घरी येऊन मी तणतणले आणि दुसऱ्याच दिवशी गुपचूप पाच नंबरची चप्पल घेऊन आले.

आप्पा वीज कंपनीत वायरमन होते. उजव्या पायाने किंचित लंगडतात. निवृत्तीनंतर खांब सुटले, पण बूट सुटले नाहीत. घोट्याच्या वर येणारे, जाड रबरी तळाचे, तपकिरी कातड्याचे ते बूट दर रविवारी सकाळी ओट्यावर येतात आणि आप्पा त्यांच्यासमोर मांडी घालून बसतात. आधी नाड्या काढून वेगळ्या. मग सुक्या ब्रशाने माती झाडायची. शिवणीत अडकलेली माती जुन्या दात घासायच्या ब्रशाने. मग ओल्या फडक्याने पुसणं, आणि फडकं असं पिळलेलं की त्यातून थेंब निघता कामा नये. मग आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बूट सावलीत वाळायला ठेवायचे. "ऊनमा ठेवा का मरी गया समजा," हे आप्पांचं ठरलेलं वाक्य.

खरा सोहळा त्याच्यानंतर. एरंडेल तेलात डोंगरातून आणलेलं मधमाशीचं मेण वितळवून त्यांनी स्वतः केलेलं एक मलम आहे. ते वाटीत कोमट करायचं आणि बोटाने लावायचं. ब्रशाने नाही, बोटानेच. बोटाच्या उबेने ते कातड्यात मुरतं म्हणे. लावताना आप्पा बुटाशी बोलत असतात, तोही पलीकडून काही म्हणतोय अशा बेताने. बाजारातल्या चकचकीत पॉलिशचा त्यांना मनस्वी तिटकारा. "तोंडाला पावडर लावून पोट भरतं का कोणाचं? चामडाले तीस लागस, मॅडम." चामड्याला तहान लागते, हे त्यांनी मला बारा वर्षांत निदान हजार वेळा सांगितलं असेल.

या तहानेपायी एक चांगलं स्थळ गेलं. घरात आप्पा आणि त्यांची एकुलती एक आंडेर, म्हणजे लेक, वैशाली, असे दोघंच. आई लहानपणीच गेलेली. वैशालीला बघायला नंदुरबारहून मंडळी आली होती. मुलगा गोरागोमटा, पगारदार, बोलायला गोड. मी पोहे केले होते आणि पोहे चांगले झाले होते, हे मुद्दाम सांगते. आप्पा मध्येच उठून बाहेर गेले, दारातल्या जोड्यांवर नजर टाकून परत आले आणि पाहुण्यांना म्हणाले, जमणार नाही. पाहुणे गेल्यावर मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. तर म्हणतात, "बुटाले भेगा पडेल व्हत्यात. जो बुटाला दोन थेंब तेल पाजत नाही, तो मन्ही आंडेर आजारी पडल्यावर तिला पाणी विचारील का?" मी कपाळावर हात मारला. वैशाली मात्र आत तोंडाला पदर लावून हसत होती. तिला तेव्हा लग्न करायचंच नव्हतं. तिला खांबावर चढायचं होतं.

तिने आयटीआय केलं, परीक्षा दिली आणि पास झाली. नेमणूक धडगावला, डोंगरात. पोस्टमनने तिला रस्त्यात अडवून पेढे मागितले तेव्हा ही बघतच राहिली, कारण पत्र तिला मिळालंच नव्हतं. ते आठ दिवसांपूर्वी आलं होतं आणि आप्पांनी ब्रशांच्या डब्यात लपवून ठेवलं होतं. वायरमनच्या घरात वायरमन पुरे झाला, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून वैशालीने बापाशी बोलणं टाकलं. जेवायला वाढायची, औषधं हातात द्यायची, पण तोंडातून शब्द नाही. आणि आप्पांचा हेका तर असा की माफी मागतील ते आप्पा कसले.

अशात, ती रुजू व्हायला तीन आठवडे उरले असताना, एका संध्याकाळी आप्पा माझ्याकडे खोकं घेऊन आले. आत सुरतेहून मागवलेले नवेकोरे बूट. तळाला जाड रबर, एकही खिळा नाही. कंपनीचे बूट मिळतील तेव्हा मिळतील आणि मिळाले तरी पुरुषी मापाचे, म्हणून हे. माप पाच. कातडं पत्र्यासारखं ताठ.

"वैशूना पाय बी पाचना शे," आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले. "नवा बूट चावस. तीन आठवडे कोणी घालून चाललं तर नरम व्हई. तिला सांगू नका."

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. आमच्या ह्यांच्या डोक्यात तो माझ्याआधी पडला. ते चहा सांडेपर्यंत हसले.

तर मंडळी, मी, चौथीच्या वर्गाची शिक्षिका, वय वर्षे त्रेचाळीस, रोज संध्याकाळी साडी खोचून, वायरमनचे बूट घालून पाटापर्यंत जाऊन येऊ लागले. पहिल्या दिवशी मी बदकासारखी चालत होते. बाया दारात येऊन उभ्या. "मॅडम, खांबवर चढी ऱ्हायनात का?" मी म्हटलं, हो, तुमच्या घरचा आकडा काढायला निघाले आहे. त्यावर दोघी जरा लगबगीने आत गेल्या. वर्गातल्या पोरांनी तर मला कवायतीतला सलाम ठोकायला सुरुवात केली. परत आले की आप्पा ओट्यावर वाट बघत बसलेले असायचे. "चावस का? कोठे चावस?" मी बोट दाखवायचं, तिथे ते रात्रभर मुरायला मलम लावायचे आणि लाकडाच्या गोल दांड्याने आतून हलकेच दाबून जागा करायचे. वैशालीने विचारलं तर मला गुडघेदुखीवर डॉक्टरांनी हे बूट दिलेत असं सांगायचं ठरलं होतं. तिने विचारलं नाही. फक्त माझ्या पायांकडे बघायची आणि गालात हसायची.

सतराव्या दिवशी मी घाण केली. पाटावर पाय घसरला आणि दोन्ही बूट पाण्यात. आप्पांना कळलं तर माझी धडगत नव्हती, म्हणून त्या संध्याकाळी मी मागच्या दाराने घरात शिरले. दुसऱ्या दिवशी ते शहाद्याला गेलेले बघून मी जे करू नये तेच केलं. बूट उन्हात ठेवले. आमच्या गच्चीवर. गच्चीवर माझ्या वर्षाच्या लाल मिरच्या पसरलेल्या होत्या, मधे जागा करून बूट ठेवले आणि शाळेत गेले. दुपारी वारा सुटला.

आप्पा लवकर परतले आणि त्यांच्या ओट्यावरूनच त्यांना गच्चीवरचे बूट दिसले. मी शाळेतून आले तेव्हा ते मिरच्यांमध्ये उभे होते. त्यांनी बुटात हात घातला, अस्तर चाचपलं, मिरचीचं बी न् भुकटी मूठभर बाहेर काढली आणि त्याच हाताने डोळे पुसले. पुढचं काय सांगू. मी मदतीला धावले, मलाही झोंबलं. आम्ही दोघं गच्चीवर उभं राहून शिंकतोय, रडतोय, आणि खाली गल्ली जमली. कोणीतरी विचारलं, कोण गेलं?

तोंडं धुऊन झाली. मी शिव्यांची वाट बघत होते. आप्पा शिव्या देईनात. पायरीवर बसले, तेलाचं बोट अस्तरावरून फिरवत राहिले आणि खाली मान घालूनच म्हणाले, "चार दिस ऱ्हायनात, मॅडम." मग कधी नव्हे ते लंगडीबद्दल बोलले. म्हणाले, नवे बूट होते माझे. वर चढल्यावर टाच चावत होती. माणूस आहे, लक्ष टाचेकडे गेलं. तारेकडे राहिलं नाही. खाली उसाचं शेत होतं म्हणून पायावर निभावलं. डोंगरात खाली ऊस नसतो.

मला फार लाज वाटली. मी हे सगळं थट्टेत करत होते.

त्या चार दिवसांत मी सकाळीही चालले आणि संध्याकाळीही चालले. आप्पांनी अस्तर तीनदा तेलाने आणि साबणाच्या फेसाने पुसून घेतलं आणि मिरची उरली नाही ना, हे जिभेला बोट लावून तपासलं. रुजू होण्याच्या दिवशी सकाळी बूट उंबऱ्यात ठेवलेले होते. आप्पा मला म्हणाले, "तिला सांगा मॅडम, नाड्या वर घट्ट, खाली ढिल्या." वैशाली त्यांच्यापासून दोन हातांच्या अंतरावर उभी. ती मला म्हणाली, "त्यांना सांगा, माले समजस." तिने बूट घातले, धडगावच्या गाडीत चढली आणि गेली. मागे वळून बघितलं नाही.

तो आठवडा आप्पांनी गल्लीतला एक जोडा सोडला नाही. सगळ्यांना तेल पाजलं. माझ्या नवऱ्याच्या रेक्झिनच्या सँडललाही पाजलं, ती अजून चिकटते. फोन हातात घ्यायचे, ठेवून द्यायचे.

रविवारी दुपारी वैशाली आली. बूट लाल मातीने भरलेले. मी माझ्या दारात उभी होते, आत जायला हवं होतं, गेले नाही. आप्पा उठले, तिला ओट्यावर बसवलं आणि स्वतः खालच्या पायरीवर बसले. नाड्या सोडल्या, बूट काढला, मोजा काढला. पोरीचं पाऊल मांडीवर घेतलं आणि टाचेवरून अंगठा फिरवला. मग दुसरं. फोड नव्हता, लाली नव्हती, काही नव्हतं.

"चावस का?"

"नही, आप्पा."

महिनाभराने ती त्यांच्याशी बोलली होती. आप्पांनी पाऊल सोडलं नाही. त्याच्याकडेच बघत म्हणाले, "पत्र मी दपाडं, चुकलं मन्हं. माले भ्याव वाटस, बेटा."

वैशालीने पाय तसाच त्यांच्या मांडीवर राहू दिला. मग म्हणाली, "माले बी वाटस. वर गयी का मन्हे पाय कापतस. कोणले सांगं नही."

मला वाटलं आता आप्पा म्हणणार, मग सोड ती नोकरी. त्यांनी डोळे पुसले, तिचा पाय मांडीवर नीट ठेवून घेतला आणि म्हणाले, "मन्हे बी कापेत. निवृत्त व्हवापर्यंत कापेत. आते आयक, पाय कापाले लागनात का काय करानं ते."

आणि सांगू लागले.