कोंबडीखालचा गिअरबॉक्स

विष्णूबाबच्या भाचीचं लग्न पेडण्याला होतं. मुहूर्त जवळ आला, नवरीला बोहल्यावर आणायला भटजींनी मामाला हाक मारली, आणि मामा गायब! शोधाशोध झाली. शेवटी नवरदेवाच्या चुलत्याच्या जुन्या जीपखालून दोन पाय बाहेर आलेले दिसले. पायांवर रेशमी सोवळं होतं, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागला नाही.

"दोन मिनिटां," खालून आवाज आला. "नंबर वाचतंय."

नंबर जुळला नाही. मामा तशाच ग्रीसच्या हातांनी नवरीला घेऊन आले, आणि तिच्या शालूवर एक काळा पंजा उमटला. लग्नाच्या एकूण एक फोटोत तो आहे.

विष्णूबाब डिचोलीत माझे शेजारी. मी शाळामास्तर, तेव्हा कुणालाही काहीही समजावता येतं असा माझा समज होता. तो त्यांनी काढून टाकला. त्यांच्याकडे खाणीवरची जुनी जीप आहे, चारही चाकांनी ओढणारी. शिमग्यात तिचा गिअरबॉक्स गेला. "मिळेल हो दुसरा," असं मी सहज म्हणालो, आणि संध्याकाळ गमावून बसलो.

त्यांच्या खिशात वहीचा पुठ्ठा असायचा, त्यावर बोल्टच्या भोकांचा नकाशा. दुसऱ्या खिशात शाफ्टच्या लांबीची सुतळी. "मास्तर, भोकां जुळली तर शाफ्ट आखूड. शाफ्ट जुळलो तर दाते कमी. दाते जुळले तर फुडच्या चाकांचो दांडो उजवीकडून. माका जाय डावीकडून! चेडवाक न्हवरो मिळता, पण ह्यो मिळत नाय." शिरगावच्या बंद खाणीवर भंगारात पडलेल्या सगळ्या गाड्यांखाली ते सरपटून आले. देवळात कौलही लावून झाला. पाकळी उजवी पडली, म्हणजे काम होणार. पण कधी, ते देव थोडाच सांगतो?

एकदा मी वैतागून म्हणालो, "विष्णूबाब, घाला ती मोडीत आणि नवी गाडी घ्या!"

ते एरवी भांडले असते. त्या दिवशी म्हणाले, "शनिवारी मोकळे आसात?"

शनिवारी माझ्या मोटरसायकलवर आम्ही काजूच्या डोंगरापाशी गेलो. पुढे चढण अशी, की मोटरसायकल पायथ्याशीच सोडावी लागली. विष्णूबाब काठी टेकत चढले आणि घर दिसताच एका झाडाआड थांबले. माझ्या हातात पुडकं दिलं, गोल उंडे पाव आणि सुके बांगडे. "तुमी जावा, दादा म्हणान हाक मारा. माजो आवाज तेका ऐकाक येता नये."

मी दार वाजवलं. "दादा, पाव आणलेत."

"कोण?"

"मास्तर."

"ठेवा थंय."

दार उघडलं नाही. सोप्यावर मागच्या शनिवारचं पुडकं तसंच होतं. कावळ्यांनी त्याची चाळण केली होती.

उतरताना विष्णूबाब बोलले. वर राहतात ते त्यांचे थोरले भाऊ, अनंतदादा. खाणीवर हीच जीप ते चालवायचे. खाण बंद झाल्यावर दोघा भावांनी ती विकत घेतली, आणि दादांनीच धाकट्याला चालवायला शिकवली. मग दादांची नजर जात चालली. एकदा जीप कुंपणाच्या दगडी गडग्यावर चढली, तेव्हा विष्णूबाबनी चारचौघांत त्यांच्या हातातून चावी काढून घेतली. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून दादा त्यांच्याशी बोललेले नाहीत. तरी दर शनिवारी जीप वर गेली की ते बाहेर यायचे, बॉनेटवर हात फिरवायचे, पुडकं घ्यायचे आणि आत जायचे. जीप बंद पडल्यापासून विष्णूबाब पायी येऊन पुडकं ठेवून जातात, पण दादा त्याला हात लावत नाहीत; शेजारीण पेज देते, तेवढंच खातात.

"गाडीसाठी भायर येता, मास्तर. माज्यासाठी नाय. नवी गाडी वर चढात, पण तो भायर येवचो नाय."

"मग तुम्हीच आधी बोला ना!"

"तो थोरलो. तेणां बोलाक जाय."

त्यानंतर मीही रस्त्यातल्या जीपखाली वाकून बघू लागलो. बायकोने माझा नाद सोडला.

गिअरबॉक्स मिळाला तो आमोण्याला, नदीकाठच्या एका माडा-पोफळींच्या कुळागरात. चाकं नसलेली जीप माडाखाली पडली होती. विष्णूबाब खाली शिरले आणि आतून ओरडले, "मास्तर, डावीकडून!" भोकं जुळली, सुतळी जुळली, दातेसुद्धा जुळले. मग त्यांनी वरून डोकावलं. जीपच्या तळाचा पत्रा कधीच गंजून गेला होता, आणि नेमकी गिअरबॉक्सवर एक तांबडी कोंबडी बसली होती.

"अंड्यांर बसल्या ती," मालकीणबाई म्हणाल्या. "पिल्लां भायर येयसर हात लावचो नाय."

मग काय, विष्णूबाब रोज तांदळाच्या कण्या घेऊन आमोण्याला. आभाळात ढग जमू लागले, चढण एकदा चिकचिकली की जीपचंही काही खरं नव्हतं. ते कोंबडीसमोर बसायचे आणि तिला हळू आवाजात परिस्थिती सांगायचे. अकरा पिल्लं निघाली. एक अंडं मागे राहिलं, आणखी दोन दिवस गेले. त्या अंड्याला त्यांनी जे सुनावलं, ते शिक्षकाने लिहू नये.

मृगाच्या आधीच्या शनिवारी, संध्याकाळी, जीप चढणीला लागली. पुडकं मांडीवर घेऊन मी शेजारी बसलो होतो. वर पोचेपर्यंत विष्णूबाबनी तीनदा कपाळ पुसलं.

जीप अंगणात थांबली. दार उघडलं, दादा चाचपडत बाहेर आले. बॉनेटवर हात ठेवला आणि तसेच उभे राहिले. कपाळाला आठ्या.

"माज्या गाडीक कोणाचो गिअरबॉक्स घातलंस?"

सात वर्षांनी पहिलं वाक्य, आणि तेही भांडणाचं!

"आमोण्याचो," विष्णूबाब म्हणाले. "आपलोच नंबर, दादा."

"दुसरो गिअर ओरडता."

"बसात हळूहळू."

"बगूया."

दादा गाडीला हात लावत लावत चालवणाऱ्याच्या बाजूला आले. विष्णूबाब शेजारच्या सीटवर सरकले. मी उतरलो. दादांनी क्लच दाबला आणि उभ्या गाडीतच गिअर टाकून बघितले, पहिला, दुसरा, तिसरा, दर वेळी कान खाली नेऊन. विष्णूबाब त्यांच्या हाताकडे बघत होते. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले.

दादा उतरले, पुडकं घेतलं, उंबऱ्यापर्यंत गेले. आणि पाठमोरेच म्हणाले,

"विष्णू, फुडल्या शनिवारी सकाळी ये. सांजचां माका काय एक दिसत नाय. सकाळच्या उजेडात माणसाचां तोंड थोडां दिसता."