पाहिलंस की ऐकलंस?

मार्थाबाईंना कोणाच्या मरणाची बातमी सांगायची तरी आधी साक्ष द्यावी लागते. एकदा शेजारची शांता धावत आली. "बाई, कोपऱ्यावरचे मास्तर वारले!"

बाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाहिलंस की ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग 'वारले असं ऐकलं' म्हण. इतक्यात मारू नकोस त्यांना."

संध्याकाळी मास्तर मेथीची जुडी घेऊन समोरून गेले. शांता पदर तोंडाला लावून घरात पळाली. बाई हसल्या नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही.

बाई संगमनेरच्या कोर्टात टायपिस्ट होत्या. साक्षीदारांचं बोलणं टाइप करण्यात सगळी नोकरी गेली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्या, पण कान कोर्टातच राहिले. भाजीवाला "ताजी हाय" म्हणाला की विचारतात, "कधी तोडली?" चर्चमध्ये कोणी म्हणालं, "सगळे तुमची आठवण काढत होते," तर "सगळे म्हणजे कोण कोण?" त्यामुळे त्यांच्याकडे गप्पा मारायला फारसं कोणी येत नाही. लोक चक्रम म्हणतात. म्हणोत. माझी पोर आज माझ्या कुशीत झोपते ती त्यांच्यामुळे, म्हणून हे लिहिते आहे.

मी कर्जतकडची. नवऱ्याचा मार सोसवेना, तेव्हा सोनूला कडेवर घेऊन निघाले. बाईंची मागची खोली भाड्यानं मिळाली. खानावळीत पोळ्या लाटते. नळावरच्या बायका मला 'टाकलेली' म्हणायच्या. बाईंनी एकदा ते ऐकलं. बादली खाली ठेवून सगळ्यांसमोर मलाच विचारलं, "निघताना दाराची कडी कोणी काढली?"

"मी."

"आणि तो?"

"झोपला हुता."

"मग हिला टाकलं कोणी?" बाई नळाकडे वळल्या. "ही निघून आलीय. शब्द नीट वापरा."

पुढं नवऱ्यानं सोनूचा ताबा मागितला. अर्जात लिहिलं होतं की मी स्वखुशीनं घर सोडलं, आणि मी कामावर गेल्यावर पोरीला बघायला कोणी नाही. समोरचा मोठ्यानं बोलला की मी "व्हय" म्हणून मोकळी होते. बाईंना ते ठाऊक होतं. रोज माझ्या गॅसपाशी येऊन त्या वकील व्हायच्या.

"बाई, तुमच्या आमटीत मीठच नसतं. बरोबर?"

"व्हय."

"गेली पोरगी!" बाई पळी आपटायच्या. "अगं, मीठ आहे ना? मग व्हय कसलं म्हणतेस? आधी शब्द ऐक. तो खरा आहे का बघ. मग तोंड उघड."

कोर्टात नवऱ्याचे वकील मोठ्यानंच बोलले. "तुम्ही स्वखुशीनं घर सोडलंत ना?"

'व्हय' ओठावर आलंच होतं. मी तो शब्द मनात पुन्हा ऐकला.

"घर सोडलं मी, साहेब. पर खुशी न्हवती. मार हुता."

जजसाहेबांनी मान वर केली. टायपिस्टला म्हणाले, "जसं बोलल्या तसंच घ्या."

मग पट्टेवाल्यानं बाईंना हाक मारली. मी कामावर असताना सोनू त्यांच्याकडेच असते, हे त्यांना सांगायचं होतं. आमच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही मुलीच्या कोण?"

"घरमालकीण."

टायपिस्ट मुलगी टाइप करू लागली. बाईंनी हात वर केला. "थांब, बाळा. ते खरं आहे, पण पुरतं नाही." मग त्या पुढचा शब्द जुळवू लागल्या. जबाब शोधताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"रक्ताचं नातं नाही, साहेब. पोरगी मला आजी म्हणते. आणि मी ओ देते."

पुढं निकाल आमच्या बाजूनं लागला. पण मला आठवतो तो साक्षीचा कागद. सहीसाठी पुढं आला तेव्हा बाईंनी तो हातात धरला आणि किती तरी वेळ सोडलाच नाही. मागची माणसं चुळबुळ करू लागली.

"काही चुकलंय का, बाई?" आमच्या वकिलांनी विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"नाही. माझ्या नावाखाली आजी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "जरा बघू दे."