देवस्थळी भाऊजींचा पंप

या, असे जवळ सरकून बसा. आणि तो फोन उलटा ठेवा जरा. सहा-सहा महिने डोंबिवलीचं तोंड बघायचं नाही, आलात की शीळफाट्याच्या ट्रॅफिकचं रडगाणं! वर येताना जिन्यात आमच्या देवस्थळी भाऊजींना बघून हसलात ना मघाशी? हसा, आम्हीही हसलो. पण आधी ऐका.

आमचे हे शेजारी सत्यनारायणाला जातात ते खांद्यावर टॉवेल टाकून. तीर्थ हातावर पडायच्या आत यजमानांना विचारणार, "तुमच्या शॉवरला प्रेशर कसंय? बघू का?" बघू म्हणजे चक्क आंघोळच. माझ्या भाच्याने घोडबंदरला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला गुरुजींचे मंत्र चालू, आणि हा गृहस्थ ओल्या केसांनी बाथरूममधून बाहेर येऊन म्हणतो, "वहिनी, पाठीवर थाप मारल्यासारखं पाणी पडतं हो!" मला कुठे तोंड लपवू असं झालं.

सगळ्या जगाला त्यांचं मोजमाप एकच. किटलीतून चहा हळू पडला, "प्रेशर नाही." फोनवर जावयाचा आवाज बारीक आला, "प्रेशर नाही."

आमची बिल्डिंग जुनी, चार मजली, आणि आम्ही चौथ्यावर. लोकांना वाटतं, टाकी डोक्यावर म्हणजे पाणी जोरात. उलटं असतं हो! टाकी जितकी जवळ, तितका जोर कमी. तळमजल्यावर धो धो, आणि आमचा शॉवर म्हणजे सर्दी झालेल्या पोराचं नाक.

भाऊजींनी पंप आणला. प्लंबर म्हणाला, गच्चीवर टाकीपाशी बसवू, सोसायटीला विचारा. पण सोसायटीला विचारायचं म्हणजे मीटिंग, मीटिंग म्हणजे भांडण. म्हणून यांनी तो गुपचूप बाथरूमच्या माळ्यावर, सगळ्यांच्या सामाईक पाइपलाच जोडून घेतला. बटण दाबलं मात्र, खालच्या म्हात्रेबाई रिकामा टोप घेऊन वर!

"अवो काका, आमचे नलाला पानी नाय, नुसता वारा येतंय! वाऱ्यान आंघोल करू का?"

"पाचच मिनिटं द्या हो, म्हात्रेबाई."

"पाच मिन्टात माजी भाजी करपली, त्याचा काय?"

पंप निघाला. मग मीटिंग, भांडण, हातापाया पडणं, सगळं होऊन तो गच्चीवर चढला. घरापर्यंत वेगळा पाइप टाकला. आता आमच्या दोन घरांमधल्या भिंतीतला गंजका पाइप एवढा जोर कुठून सोसणार? फुटला. माझ्या देवघरातली लक्ष्मी भिजली. टाइल्स फोडून पाइप बदलला, तर शुक्रवारची पाणीकपात. टाकी कोरडी, पंप कोरडाच फिरत राहिला आणि जळला.

त्या दिवशी भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत बसले ते उठेनात. "वहिनी, नाही होत हो माझ्याच्याने."

मी वैतागलेच. "अहो, बादली आहे, तांब्या आहे! या वयात कसला आलाय जोराचा शॉवर?"

"मला नकोय," म्हणाले. "सुमनला हवाय."

सुमन म्हणजे त्यांची बायको. तिला विसरायला होतं हे माहीत होतं आम्हाला. इतकं झालंय हे नव्हतं. "मी पाणी घालायला आत गेलो की साडी घट्ट धरून ओरडते. परका पुरुष शिरला म्हणते. मदतीला बाई लावली, तिला चावली. तांब्याचं काय करायचं ते तिला आठवत नाही. पण वरून धबाबा पाणी पडलं, की हात आपोआप चालतात. खडवलीचं माहेर ना, नदीवर वाढलेली. थेंब थेंब आलं की नुसती उभी राहते, साबण अंगावर वाळतो. जोर असला तर मला आत जावं लागणार नाही."

मी गॅस बंद केला. 

दुसरा पंप गेल्या महिन्यात बसला. मी सोबतीला गेले. सुमन आत गेली, पंप घुर्र झाला, फरशीवर पाणी आपटायला लागलं. आधी आत काहीच नाही. मग बांगड्या वाजल्या. मग गुणगुणणं. दार लोटलेलं होतं, तरी भाऊजी दाराकडे पाठ करून उभे.

सुमन बाहेर आली, केस निथळत होते, चेहरा कसा लख्ख! मला म्हणाली, "माई, हा पंपवाला कधीचा उभा आहे. चहा टाक गं त्याला. भला माणूस दिसतो, आत डोकावलासुद्धा नाही."

भाऊजी दाराजवळच्या स्टुलावर बसले, कामाला आलेली माणसं बसतात तिथे. ती विचारते, "साखर किती लागते हो तुम्हाला?"

"द्याल तेवढी, बाई," म्हणाले.

आता रोज आंघोळ झाली की पंपवाल्याला चहा मिळतो. छान चाललंय, म्हणतात भाऊजी. मला नाही बघवत. म्हणून म्हणते, परत लवकर या. आमच्याकडे नंतर, आधी त्यांची बेल वाजवा आणि दारातूनच मोठ्याने म्हणा, "देवस्थळी, आहात का?" त्या घरात त्यांना ओळखणारं कुणीतरी यायला हवं हो.