ज्ञानू पेंटरची माणसं

आमच्या पिंपरी पेंढारच्या ज्ञानू पेंटरनं काढलेल्या माणसाला मिशी नसायची. कुंकू, टोपी, मंगळसूत्र, काहीच नसायचं. चित्रासमोर उभा राहून प्रत्येक जण विचारायचा, "पेंटर, ही बाई हाय का बाप्या?"

ज्ञानू ब्रश कानावर अडकवायचा. "घाई काय हाय, राव? आधी वळख तर व्हऊ द्या."

दुकानांच्या पाट्या रंगवून तो पोट भरायचा आणि उरलेल्या रंगात ही माणसं काढायचा. एका खतवाल्याला पाटीवर शेतकरी हवा होता. ज्ञानूनं असा शेतकरी काढला की गिऱ्हाइकं खत विसरून त्याच्यावरच वाद घालू लागली. खतवाला आधी चिडला, मग गर्दी बघून गप्प बसला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या शाळेची भिंत मी त्याला रंगवायला दिली. मी तिथं मास्तर. त्यानं मांडीवर तान्हं मूल घेतलेलं कुणीतरी काढलं. खांदे रुंद, चेहरा मऊ. सरपंच आले आणि मान तिरकी करून बघतच राहिले.

"ज्ञानू, कुंकू लाव, न्हाईतर मिशी काढ!"

"न्हाईच ती, तर काढू कुठनं?"

सरपंच हसले आणि भिंत वाचली. पहिलीतली पोरं त्या चित्राकडे बोट दाखवून भांडायची. एक म्हणायचं, माझी आई. दुसरं म्हणायचं, माझे आबा.

पुढे एकदा शाळेच्या पाटीचं विचारायला मी भर दुपारी, न सांगता, त्याच्या खोलीवर गेलो. समोर आरसा ठेवून तो चित्र काढत होता. चित्रातला चेहरा त्याचाच, तेच वाकडं नाक. अंगावर हिरवं लुगडं, मानेवर अंबाडा. मला बघून त्यानं चित्र भिंतीकडे फिरवायला घेतलं. पण रंग ओला होता, हात तिथंच थांबला.



"मी हाय ह्यो," तो हळूच म्हणाला. "ल्हानपणापासनं मला मी असाच दिसतो, गुरुजी. पन्नाशी आली. कुणाला दावलं न्हाई."

मी चित्राकडे नीट बघितलं आणि जे खरं वाटलं तेच बोललो. "हिरवा रंग शोभतोय तुला."

मी थट्टा करतोय का, हे तो बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघून ताडत राहिला. मग स्टूल पुसून पुढे सरकवलं.

"बसा की. च्या टाकतो."

स्टोव्ह पेटवताना, माझ्याकडे पाठ करूनच त्यानं विचारलं, "गुरुजी, अंबाड्यात फुलं कंची घालू? आबोली का शेवंती? खरं सांगा हां."

"अबोली."

"मलाबी तेच वाटत व्हतं," तो म्हणाला. "पर इचारायला कुणी नव्हतं."