खलाटे सरांचा गुरुवार

मुलीच्या लग्नाची पत्रिका मी खलाटे सरांना स्वतः वर जाऊन दिली आणि चौथ्या दिवशी ती माझ्या दारात परत आली. सरांना लग्नाला यायचं नव्हतं असं नाही. ते आले, पोटभर जेवले, जिलेबी मागून घेतली. पत्रिका मात्र परत आली ती लाल शाईनं माखून. 'आशिर्वाद'ची पहिली वेलांटी खोडून दुसरी दिलेली, 'कृपाभिलाशी'तला श पोटफोड्या केलेला, आणि खाली बारीक अक्षरात शेरा: 'मजकूर चांगला. मुद्रितशोधन शून्य. वधूवरांस शुभेच्छा.'

सर विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते आणि मी तिथल्याच ग्रंथालयात. आमची ओळख काउंटरच्या अलीकडची-पलीकडची. निवृत्त झाल्यावर मी बारामतीला, माहेरच्या गावी, फ्लॅट घेतला. सहा महिन्यांनी आमच्या वरच्या मजल्यासाठी पुस्तकांनी भरलेला टेम्पो आला आणि त्याच्या मागून रिक्षातून एकटे खलाटे सर उतरले. त्यांच्या पत्नी मालतीबाई आदल्या वर्षी वारल्या होत्या. सरांचं मूळ गाव कऱ्हाटी. मग गावातच का नाही राहिलात, असं मी विचारलं तर म्हणाले, "गावाजवळ राहावं, बाई. गावात भावकी फार."

चूक दिसली की सरांचा हात खिशातल्या पेनाकडे जातोच. दूधवाल्याच्या पाटीवरचं 'दुध' त्यांनी दीर्घ केलं. दवाखान्यात नंबर येईपर्यंत भिंतीवरची सूचना तपासली आणि डॉक्टरांना आत जाऊन दुखण्याआधी ती सांगितली. एकदा कोपऱ्यावर कुणा भाऊंच्या वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स लागला, 'हार्दीक शुभेच्छा' असा. इतकी मोठी वेलांटी पेनाला आवरेना, म्हणून सर घरून रंगाचा डबा आणि स्टूल घेऊन गेले. भाऊंची पोरं धावत आली.

"ओ आबा, काय करताय वर?"

"दुसरी वेलांटी काढतोय. पहिली देतोय."

"भाऊंना काय झालं तर?"

"भाऊंना काही होत नाही. शुभेच्छा मात्र आता लागू होतील. स्टूल धरा जरा."

पोरांनी स्टूल धरलं. वर एकानं विचारलंही, "आबा, माझ्या गाडीवर 'आईचा आर्शिवाद' हाय, ते बराबर हाय का?" सर खाली उतरून त्याच्या गाडीकडे गेले.

पण याच माणसानं मला बोलीबद्दल एकदा चांगलंच झापलं होतं. भाजीवाली मला म्हणाली, "आज मेथी न्हाय वं ताई," आणि मी जराशी हसले. सरांनी भर बाजारात पिशवी खाली ठेवली. "मोहितेबाई, बोली चुकत नसते. चुकते ती पाटी. नोंद घ्या." 'नोंद घ्या' हे त्यांचं पालुपद. मी ग्रंथालयातली, आयुष्यभर नोंदीच घेतल्या, त्यामुळे मला ते कधी लागलं नाही.

गुरुवारचा वर्ग ही सरांचीच कल्पना. विद्यापीठातून निवृत्त झालेली आणि बारामती-इंदापूरकडे परतलेली आम्ही दहा-बारा माणसं होतो. कुणी नातवंडं सांभाळत होतं, कुणी रक्तदाब. सरांनी सगळ्यांना फोन केले. दर गुरुवारी चार वाजता, वाचनालयाच्या माडीवर, प्रत्येकानं आळीपाळीनं बोलायचं. नियमांचा कागद त्यांनी दाराला चिकटवला. वेळेवर यायचं. दुखण्यांची चर्चा चहाच्या वेळीच करायची. आणि एका विषयावर कुणी दोनदा बोलायचं नाही.

इंदापूरचे जगताप सर, रसायनशास्त्राचे, गुळावर पहिलं व्याख्यान द्यायला उभे राहिले. खलाटे सरांनी त्यांना इतक्या वेळा थांबवलं, की गूळ शेवटपर्यंत पाकाच्या पुढं गेला नाही. चहाच्या वेळी जगताप मला म्हणाले, "पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेलासुद्धा एवढा घाम नव्हता आला हो." तरी पुढच्या गुरुवारी ते इंदापूरहून दुपारच्या पहिल्याच एसटीनं हजर. आम्ही सगळेच येत होतो. घरी आमच्या चुका काढण्याइतकं आमच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

घोरपडे सर आले ते पावसाळा संपता संपता. इतिहासाचे नामांकित प्राध्यापक. खलाटे सरांचं आणि त्यांचं विद्यापीठात वाकडं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. घोरपड्यांच्या एका पुस्तकाला खलाटे सरांनी न मागता दोन पानी शुद्धिपत्र पाठवलं होतं, त्यावरून दोघं कित्येक वर्षं जिन्यात समोरासमोर आले तरी बोलत नसत. आता घोरपडे वालचंदनगरला, कंपनीच्या क्वार्टरमध्ये मुलाकडे राहत होते. त्यांना गाडीनं घेऊन आली त्यांची सून, वैशाली. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकू, अण्णा इसरायला लागल्यात. घरात नुसतं बसून ऱ्हात्यात. तुमच्यात बसलं तर बरं वाटंल म्हनून आणलं."

त्या दिवशी घोरपडे सर 'कालवा आणि माणसं' या विषयावर बोलले. काय बोलले! मोजणीवाल्यांचे घोडे, खोदकामाला आलेल्या बायका, चारीच्या, म्हणजे कालव्यातून रानाकडे जाणाऱ्या पाटाच्या पाण्यावरून झालेली भांडणं, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं. खलाटे सरांनी एकदाही टोकलं नाही.

पुढच्या गुरुवारी घोरपडे पुन्हा उभे राहिले. "आज मी 'कालवा आणि माणसं' या विषयावर बोलणार आहे."

आम्ही सगळ्यांनी खलाटे सरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून वहीवर तारीख लिहीत होते.

तिसऱ्या गुरुवारी तेच. चौथ्या गुरुवारी माझ्या लक्षात आलं, की दारावरचा नियमांचा कागद नाहीसा झालाय. त्या दुपारी वर्गाआधीच आम्हा प्रत्येकाच्या मोबाइलवर खलाटे सरांचा निरोप होता, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. मला: 'मजूर बायकांच्या लेकरांना कोण सांभाळी, हे विचारावे.' जगतापांना: 'घोड्यांच्या चाऱ्याविषयी विचारावे. हसू नये.' दर गुरुवारी नवा प्रश्न. आम्ही विचारायचो आणि घोरपडे खुलून उत्तर द्यायचे. जगताप कुरकुरायचे, "कालवा पाठ झाला, बाई. आता त्यात पोहायचं तेवढं राहिलंय." पण प्रश्न विचारायचे.

मला मात्र हे पटेना. आपण एका विद्वान माणसाशी नाटक करतोय, असं वाटायचं. थंडीत आमची सहल डाळजला गेली, धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी बघायला. नावाडी हात लांब करून दाखवत होता, "त्ये बगा, गुलाबी गुलाबी, समदे आल्यात यंदा." किनाऱ्यावर ठळक पाटी होती: 'पक्षि निरिक्षण'. दोन शब्दांत दोन चुका. सर तिच्यासमोरच उभे होते आणि त्यांचा हात खिशाकडे गेला नाही. मला काळजी वाटली.

बाकीची मंडळी मासे खायला गेली तेव्हा मी विचारलं, "सर, बरं नाही का वाटत? आणि एक बोलू? घोरपडे सरांना कुणीतरी सांगायला हवं, की हे त्यांचं बोलून झालंय. तुम्ही तर कुणाची चूक सोडत नाही."

सर पाटीकडे पाठ करून पाण्याकडे वळले.

"मालतीचं शेवटी असंच झालं होतं," ते म्हणाले. "दोन वर्षं. ती म्हणायची, आज मंगळवार. मी म्हणायचो, बुधवार. ती म्हणायची, सकाळी आई येऊन गेली. मी म्हणायचो, आई जाऊन वीस वर्षं झाली. भाजीत मीठ दोनदा पडायचं, ते मी दोन्ही वेळा सांगायचो. प्रत्येक वेळी मीच बरोबर असायचो, बाई."

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"मग ती बोलायचीच थांबली. बाकी सगळं विसरली, पण बोललं की चुकतं, एवढं तिच्या ध्यानात राहिलं. शेवटचे चार महिने घरात एक शब्द न्हाई." आणि मग, विद्यापीठात कधी कुणी ऐकली नसेल अशा कऱ्हाटीच्या बोलीत ते म्हणाले, "लई वंगाळ वागलो मी. तिला मंगळवारच हवा हुता, तर आसू द्यायचा हुता की."

तिकडून जगताप हाक मारत आले, मासे गार होताहेत म्हणून. सरांनी रुमालानं चष्मा पुसला. त्यानंतर मी नाटकाबद्दल पुन्हा बोलले नाही.

संक्रांतीनंतर घोरपडे सरांचं बोलणं तुटायला लागलं. एका गुरुवारी वाक्याच्या मध्येच ते थांबले, हातातला खडू पाहत राहिले आणि खाली बसले. पुढचे दोन गुरुवार ते आलेच नाहीत. वैशालीचा फोन आला, "आता घरी बी बोलत न्हाईत वं काकू. आणू का नको?" मी वर जाऊन सरांना विचारलं. ते म्हणाले, "आणायलाच सांगा. गाडीची अडचण असेल तर मी जातो आणायला."

घोरपडे आले. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. शाल पांघरलेली, नजर खिडकीकडे. खलाटे सर उभे राहिले. "आज मी 'कालवा आणि माणसं' या विषयावर बोलणार आहे."

त्यांनी सगळं व्याख्यान तोंडपाठ केलं होतं. घोडे, बायका, भांडणं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. घोरपडे खिडकीबाहेरच पाहत होते. मग सर त्या म्हातारीच्या गोष्टीशी आले. शेतात चारीचं पाणी पहिल्यांदा आलं तेव्हा एका म्हातारीनं घागर भरून घेतली आणि पुढच्या रानाला कमी पडेल म्हणून परत चारीत ओतली, अशी ती गोष्ट. आमच्या सगळ्यांच्या वह्यांत ती लिहिलेली होती.

"म्हातारीनं घागर भरली," सर म्हणाले, "आणि डोक्यावर घेऊन घरी गेली."

जगतापांनी तोंड उघडलं. मी त्यांचा कोपर दाबला.

"न्हाय."

घोरपडे सरांनी मान वळवली होती. "न्हाय. वतली. परत चारीत वतली." आवाजात चक्क राग होता, ढ विद्यार्थ्यावर असतो तसा. "खालच्या रानाला नको व्हय पाणी?"

"चुकलो," खलाटे सर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून मी विद्यापीठातही ऐकला नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि घोरपड्यांच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसले. "मला नीट माहीत नाही. तुम्ही सांगा. मग काय झालं?"

घोरपडे सर थोडा वेळ ओठ हलवत राहिले. वैशाली दारात उभी होती, ती दोन पावलं आत आली.

"आजी हुती ती माझी," ते म्हणाले. "मी कडंवर हुतो तिच्या. मला खाली धरलं नि म्हनली, घाल पाय."

इतक्या गुरुवारांत हे त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं. मी वही उघडली.

"मग?" खलाटे सरांनी विचारलं.

"घातला की." शालीखाली त्यांचा पाय हलला. "लई गार हुतं."

"किती गार, अण्णा?" सर म्हणाले, आणि त्यांचा हात हातात घेऊन उत्तराची वाट पाहत बसले.