अ, ब आणि मारुती नाना

मारुती नाना तिकीट फाडण्याआधी प्रवाशाची मुक्त संमती घेत असत.

जुन्नरहून निमगाव सावाला जाणाऱ्या एसटीत नाना कंडक्टर होते. एखादी म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असायची. नाना तिच्यापुढे उभे राहून विचारायचे, "आजी, स्वखुशीनं चाललाय ना? कुणाचा धाक, दबाव, फसवणूक?"

"मुडद्या, लेकीकडं चाललेय. फाड की तिकीट!"

"तसं नाय आजी. संमती मुक्त पायजे. न्हाईतर करार टिकत न्हाई."

"सुनंनं घालवलीय मला. झालं समाधान?"

"मग हा करार तुमाला रद्द करता येतो. उतरायचं का?"

गाडीभर हशा व्हायचा. म्हातारी उतरायची नाही. ड्रायव्हर आरशातून बघत ओरडायचा, "वकीलसाहेब, कोर्ट उठवा आता, गाडी काढायचीय!" मग नाना तिकीट फाडायचे आणि पुढच्या सीटवरच्या पाहुण्याला सांगायचे, "तुमी हात केला ती नुसती चौकशी. गाडी थांबली तरी करार न्हाई. आता तिकीट हातात घेतलं, आता झाला करार." डेपोत त्यांना करारनाना म्हणत. तोंडावर म्हणत, आणि ते ओ देत.

माझी त्यांची ओळख पुण्याच्या लॉ कॉलेजात झाली. नव्वदच्या दशकातली अखेरची वर्षं. मी एकवीस वर्षांचा होतो. आमच्या घरात देव नव्हते, पत्रकं होती. छप्पन साली आजोबांनी देव बाहेर काढले आणि रिकाम्या झालेल्या कोनाड्यात वडिलांनी पत्रकांचे गठ्ठे रचले. अक्षरं मी त्यांवरच गिरवली. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं असा माझा बरीच वर्षं समज होता. कायदा शिकायला गेलो तोही लढायला. करार कायद्याच्या तिसऱ्याच तासाला सर मुक्त संमतीवर आले आणि मी उभा राहिलो.

"सर, ज्याच्या घरात दोन दिवस चूल पेटलेली नाही, त्यानं मजुरीच्या कागदावर अंगठा दिला, तर ती संमती मुक्त कशी?"

"हा प्रश्न परीक्षेला येत नाही," सर म्हणाले. "खाली बसा."

वर्ग हसला. मागच्या बाकावरून मात्र एकट्याने टाळी वाजवली. वळून पाहिलं तर खाकी गणवेशातला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. ड्यूटी बदलून घेऊन, पहाटेच्या गाडीने, गणवेशातच आलेला. तास संपल्यावर तो माझ्याजवळ आला. कॉलेजच्या फाटकावर मला पत्रकं वाटताना त्याने पाहिलं होतं.

"पत्रकराव, लई भारी बोल्लात. आता मला एक सांगा. त्या अ ला घोडा का इकावा लागला?"

ज्यांनी करार कायदा वाचलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. या कायद्यात प्रत्येक कलमाखाली उदाहरणं असतात आणि त्यांत माणसांना नावं नसतात. अ हा ब ला घोडा विकतो. अ हा व्यापारी ब च्या घरी चुकून माल ठेवून जातो. ब चं घर जळत असताना अ ते विझवतो. आम्ही सगळे ही उदाहरणं पाठ करायचो आणि विसरायचो. नानांना ती विसरता येत नसत.

"अ मंचरचा असावा," ते म्हणायचे. "माल चुकून ठिवून गेला म्हंजे भोळाय. कांद्याच्या बाजारात नवा असंल. आणि ब नं माल परत नाय दिला. शेजारी ऱ्हातो आणि माल गिळतो, ह्याला काय म्हणायचं राव?"

"नाना, ते खरे नाहीत."

"तुमी भेटलाय का त्यांना? मग कसं सांगता?"

डेपोतल्या कँटीनमध्ये चहा पिताना ते सहज बोलायचे, "काल ब नं पत्र धाडलं, पण पोचायच्या आधी अ नं घर दुसऱ्याला इकलं." नवा मेकॅनिक विचारायचा, "कोन पावणं, नाना?" बाकीचे टेबलावर डोकं टेकून हसायचे. नाना हसत नसत. त्यांना खरोखर ब ची काळजी लागलेली असे.

याच सवयीने त्यांना बुडवलं. पहिल्या वर्षाचे बाकी सगळे विषय सुटले, करार अडकला. एकदा नव्हे, तीनदा. वास्तविक कलमं त्यांना माझ्याहून पाठ होती. पण परीक्षेत अ ने ब ला घोडा विकला, तर करार वैध का, असं विचारलं की नाना अ च्या घरी जायचे. त्याच्या गोठ्याचं वर्णन, पोरीचं लग्न, घोडा नेताना त्याने मागे वळून पाहिलं ते. कलम शेवटच्या ओळीत यायचं, नाहीतर घंटा व्हायची. मी पुढच्या वर्षाला गेलो, शेवटच्या वर्षाला गेलो, नाना करारातच राहिले. मग कॉलेजातून त्यांना सांगण्यात आलं की या वेळी विषय सुटला नाही तर नाव कमी होईल.

डेपोत पैजा लागल्या. नानांच्या बाजूने कुणीच नव्हतं.

माझं डोकं तापलं. खाकी कपड्यातला माणूस वकील होऊ शकत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना उत्तर द्यायचं मी ठरवलं. नानांना काय वाटतं ते मी विचारलं नाही. दर रविवारी दुपारी मी पुण्याहून त्यांच्या खोलीवर जाऊ लागलो. जुन्नरच्या जुन्या बाजारातल्या गल्लीत, वरच्या मजल्यावर एक खोली. एक खाट, एक स्टोव्ह, एक ताट. दुसरं ताट नव्हतं. मी जेवायला थांबलो तर नाना मला ताट द्यायचे आणि स्वतः पातेल्यात कालवून घ्यायचे.

मी नियम घातला. "नाना, गाव नाही, गोठा नाही, पोरगी नाही. अ म्हणजे अ. ब म्हणजे ब. आधी कलम, मग उदाहरण, मग निष्कर्ष. तीन ओळी."

"तीन वळीत माणूस मावतो व्हय?"

"माणूस नाही लिहायचा. उत्तर लिहायचं."

जमू लागलं. घोडा तीन ओळीत आला. आग तीन ओळीत विझली. मी खूश. मग एका रविवारी आम्ही कलम छप्पनला पोचलो. अशक्य झालेले करार. मी उदाहरण वाचलं: "अ आणि ब एकमेकांशी लग्न करण्याचा करार करतात. ठरलेल्या वेळेपूर्वी अ ला वेड लागते. करार शून्य होतो. हं, नाना, सांगा."

नानांनी वाकून पुस्तकातली ती ओळ बोटाने पुन्हा वाचली.

"सोपं आहे. करार शून्य. दोघं मोकळे."

"ब चं पुढं काय झालं?"

"नाना, आपलं ठरलंय ना!"

"मोकळा म्हंजे काय वो, पत्रकराव? तो घरी गेला, हातपाय धुतलं, भाकरी खाल्ली आन् झाला मोकळा?"

मी चिडलोच. म्हटलं, असंच लिहीत बसा आणि चौथ्यांदा नापास व्हा. नाना उठले, स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून बोलू लागले.

"सुपारी फुटली व्हती आमची. तिचं गाव मंचरच्या पल्याड. तारीख धरली. आन् म्हैनाभर आधी तिला येड लागलं. तिचा भाऊ आला, म्हणला, सुपारी परत घ्या, तुमी मोकळे. आमच्या पंचांनीबी तेच सांगितलं. घरच्यांनी दुसरी पोरगी बघितली. मी म्हणलं, नगं."

"मग?"

"मग काय. सुट्टीच्या दिशी जायाचो तिच्या गावाला. म्हैन्यातून एकदा. ती वसरीवर बसलेली असायची. मला वळखायची न्हाई. मी केळी न्यायचो, ती खायची. तिची आई चहा द्यायची. लोकं इचारायची, ह्यो कोन? आई म्हणायची, एसटीतला हाय. एकवीस वर्सं गेलो. एका म्हैन्यात गेलो तर वसरी मोकळी. पंधरा दीस झालं व्हतं तिला जाऊन. मला कोन कळवनार? मी कोन लागत व्हतो?"

चहा उतू गेला. त्यांनी तो तसाच गाळला.

"त्याच्या पुढल्या वर्सी तुमच्या कॉलेजात नाव घातलं. म्हणलं, पंच म्हणलं मोकळा, भाऊ म्हणला मोकळा. कायद्यात काय लिवलंय ते तरी बघू."

मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "कलम छप्पन सोडून द्या. ऑप्शनला टाका."

"न्हाई. सगळं शिकवायचं ठरलंय तुमचं. शिकवा."

परीक्षेच्या दिवशी मी पुण्यातच होतो. नाना हॉलमधून बाहेर आले ते वेळेच्या अर्धा तास आधी. असं कधीच झालं नव्हतं.

"कसा गेला?"

"चांगला. छप्पन आलं व्हतं. सक्तीचा प्रश्न."

"मग?"

"लिवलं. अ ला वेड लागल्याने करार शून्य झाला. तीन वळी." त्यांनी पेनाला टोपण लावलं, खिशात अडकवलं. "तुमी सांगितलं तसंच."

निकाल लागला. नाना पास झाले, काठावर नव्हे, चांगल्या मार्कांनी. डेपोत पेढे वाटले गेले, ते मीच वाटले. ज्यांनी पैजा लावल्या होत्या त्यांना मी दोन दोन दिले आणि सुनावलंही भरपूर. नाना कोपऱ्यात बसून हसल्यासारखं करत होते. पुढचे काही आठवडे नानांना भेटायला म्हणून निमगाव सावाच्या गाडीत बसलो की वेगळंच वाटायचं. नाना कुणाला काही विचारत नव्हते. पैसे घ्यायचे, तिकीट फाडायचे, पुढे सरकायचे. एक म्हातारी स्वतःहून म्हणाली, "मी माझ्या खुशीनं चाललेय बरं का, भाऊ." नाना म्हणाले, "बरं." ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं, जणू काही मीच काहीतरी केलं होतं. ते खरंच होतं.

रविवारी मी त्यांच्या खोलीवर गेलो. करार कायद्याचं पुस्तक दोरीने बांधून फळीवर टाकलेलं होतं. नाना खाटेवर नुसते बसले होते.

"पुढच्या वर्षाचा फॉर्म भरायचाय नाना. शेवटची तारीख जवळ आली."

"काय असतंय पुढं?"

"मालमत्ता हस्तांतरण. घरं, शेतं, बक्षीसपत्रं."

"त्यात कोन असतंय?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. "अ आणि ब," मी म्हणालो.

नानांनी मान वर केली. "तेच?"

मी लहानपणापासून शिकलोय की माणसाला खोटा दिलासा द्यायचा नाही. त्या विषयावर मी स्वतः एक पत्रक लिहून वाटलंही आहे.

"तेच," मी म्हणालो.

नाना फळीवरच्या पुस्तकाकडे वळले. मग हळूच, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलं आहे, तसं त्यांनी विचारलं, "तिथं अ बरी असती का?"

"एकदम बरी असते. ब च्या शेजारचं शेत तिचंय. पहिल्याच प्रकरणात दोघं बांधावर भेटतात."

"वळखती त्याला?"

"नावानं हाक मारते, नाना."

नानांनी खाटेखालून चपला ओढल्या आणि पायात घातल्या. "चला मग," ते म्हणाले, "आज रविवार हाय, पर पुस्तकाचं दुकान उघडं असंल एखांदं."